निळ्यापासून विटकरीपर्यंत

आमच्या घराच्या मागच्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीला लागून फणसाची एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, दोन टेस्ट ट्यूब, ड्रॉपर आणि काचेच्या बुचाची एक बाटली. बाटलीत निळं पाणी. नवरात्र सरल्यावर राजापूरच्या खाडीवर आभाळ धुतल्यासारखं दिसतं, त्या रंगाचं. घरात त्याला सगळे नुसतं ‘बेनेडिक्ट’ म्हणत. “अहो, बेनेडिक्ट तळाला गेलाय, रत्नागिरीला जाल तेव्हा घेऊन या,” हे वाक्य आईच्या तोंडून मी मीठ-मिरचीच्या यादीइतक्या वेळा ऐकलं असेल.

१९७४ साली अण्णांना मधुमेह निघाला. मी तेव्हा आठ वर्षांची, दादा बारा. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. बोटाला टोचून लगेच आकडा सांगणारं यंत्र तेव्हा कुणाच्या घरी नव्हतं. रक्त तपासायचं म्हणजे एस.टी.नं अख्खा दिवस घालवायचा. रोजच्या रोज जमेल अशी तपासणी एकच, लघवीची. अण्णा ट्यूबमध्ये ५ मिलिलिटर बेनेडिक्ट घेत, ड्रॉपरनं मोजून ८ थेंब टाकत, चिमट्यात धरून ट्यूब तिरकी करत आणि तिचं तोंड आमच्यापासून लांब वळवून ज्योतीवर हलवत राहत. दोन मिनिटं. मग ट्यूब निवायला ठेवायची आणि थांबायचं.

निळा तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. त्यापुढे पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटी तळाशी साका धरणारा विटकरी. तो म्हणजे १०० मिलिलिटरमागे २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. अण्णांनी दोनशे पानी वहीत रकाने आखले होते. तारीख, आणि पुढे एकच अक्षर: नि, हि, पि, ना, वि. आई स्वयंपाकघरातून विचारी, “काय आलं?” आणि त्या अक्षरावर दुपारचा भात ठरे. नि असला की दोन मुदी, हि असला की एक, पि-ना असला की नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला. वि आला की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

मी दहा वर्षांची असेन, तेव्हा एका दुपारी अण्णा शाळेत आणि आई वाडीत असताना मी फळीवरची बाटली काढली. वाटीत चमचाभर साखर विरघळवली, ८ थेंब मोजले, दिवा लावला. विटकरी येणार याची मला इतकी खात्री होती, की वि लिहायला पेन्सिलसुद्धा काढून ठेवली होती. रंग बदलला नाही. आणखी साखर घातली, पुन्हा उकळलं. तसाच निळा. मग गुळाचा खडा विरघळवून पाहिला, तर नारिंगी आला. सकाळच्या उरलेल्या दुधाचे थेंब टाकले, त्यानंही रंग बदलला. दुकानातली पांढरीशुभ्र साखर मात्र, जिच्या भीतीनं आमच्या घरातून शिरा-लाडू हद्दपार झाले होते, ती बेनेडिक्टला दिसेचना.

संध्याकाळी बाटलीतलं पाणी उतरलेलं अण्णांनी ओळखलं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील म्हणून अंग चोरून उभी होते. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “असं का होतं ते मला ठाऊक नाही, बयो. पण जे दिसलं ते वहीत लिहून ठेव. मागच्या पानावर.” मी लिहिलं: साखर नि. गूळ ना. दूध पि. त्या तीन ओळींनी मला पुढं प्रयोगशाळेत नेलं, असं मी मनापासून मानते.

उत्तर रत्नागिरीच्या कॉलेजात मिळालं. बेनेडिक्टच्या निळ्या पाण्यात मोरचूद असतं, सोबत धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट. स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे मिश्रण बसवलं. ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कडं घालून बसलेला असतो, पण अधूनमधून ते कडं उघडतं आणि त्याचं एक टोक मोकळं होतं. त्या मोकळ्या टोकानं तो तांब्याला इलेक्ट्रॉन देतो. निळं तांबं मग तांबड्या ऑक्साइडच्या रूपानं खाली बसतं. हिरवा हा वेगळा रंग नसतोच. उरलेला निळा आणि नुकता जमू लागलेला पिवळसर साका एकत्र दिसतात, एवढंच. साखरेत मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांनी नेमकी आपापली मोकळी होऊ शकणारी टोकंच एकमेकांत गुंतवलेली असतात. तांब्याला द्यायला कुणाचा हात रिकामा नाही. आधी सौम्य आम्लात उकळून ही गाठ सोडवली, मग सोड्यानं आम्ल मारलं आणि मग बेनेडिक्ट घातलं, की साखरही विटकरी येते. गुळात ही गाठ सुटलेले रेणू आधीपासूनच असतात. दुधातल्या लॅक्टोजचं एक टोक मोकळंच असतं.

आयोडीनची परीक्षा त्याच वर्षी केली. भाताच्या पेजेत थेंब टाकला की काळीनिळी. त्याच पेजेत लाळ मिसळून पंधरा-वीस मिनिटं कोमट ठेवली की आयोडीन आपल्याच पिवळट रंगावर राहतं. स्टार्चच्या लांब साखळ्यांच्या वेटोळ्यांत आयोडीन जाऊन बसतं म्हणून तो निळा; लाळेनं साखळ्या तोडल्या की बसायला जागा नाही. आणि त्याच पेजेला आता बेनेडिक्ट लावलं तर रंग येतो. म्हणजे आई ज्या भाताच्या मुदी मोजत होती, त्यांचं साखरेत रूपांतर पहिल्याच घासाला सुरू होत होतं. हे कळलं तेव्हा मी आईला पत्र लिहिलं होतं. तिनं उत्तरात लिहिलं, ‘म्हणून तर सावकाश चावून खा म्हणतात.’

पण अण्णांच्या आजारातलं जे मला लहानपणापासून कळत नव्हतं, ते वेगळंच होतं. रक्तात साखर जास्त, लघवीत साखर जास्त, आणि माणूस मात्र वाळत चाललेला. पहिल्या वर्षात त्यांचे सदरे अंगावर लोंबायला लागले. रात्री चार-चार वेळा उठायचे, तांब्याभर पाणी प्यायचे. इतकी साखर अंगात असून भुकेल्या माणसासारखे का दिसतात?

ह्याचं उत्तर पेशीच्या पटलात आहे. हे पटल स्निग्ध पदार्थाचं, दोन थरांचं, अतिशय पातळ. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. ग्लुकोजला ते जमत नाही, कारण त्याची जवळीक पाण्याशी. तेलाच्या पापुद्र्यातून त्याला वाट मिळत नाही. त्याला प्रथिनांचं दार लागतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ही दारं, ग्लूट-४ नावाची, एरवी पेशीच्या पोटात लहान पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. जेवणानंतर इन्शुलिनचा निरोप आला की पिशव्या वर सरकतात, पटलात मिसळतात आणि दारं पृष्ठभागावर येतात. अण्णांच्या प्रकारच्या मधुमेहात निरोप येतो, पण पेशी तो नीट मनावर घेत नाही. साखर अंगणात साचून राहते आणि घरातली माणसं उपाशी.

आणि तहान? आमच्या परसात त्याचं उत्तर दर चैत्रात दिसायचं. आई कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवायची, आणि सकाळी बरणीत पाणी सुटलेलं असायचं. कुणी पिळलं नाही, कुणी कापड बांधलं नाही. फोडीबाहेर मीठ दाट झालं, म्हणून आतलं पाणी पटलांतून बाहेर आलं. परासरण हा शब्द मी पुढे शिकले, पण त्याची चव मला माहीत होती. मूत्रपिंडाच्या नलिकांत साखर उरली की तीही तशीच पाणी धरून ठेवते. अण्णा रात्री उठायचे ते त्या साखरेमागून जाणाऱ्या पाण्यासाठी.

पाण्याच्या ह्या ये-जा करण्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. पाणी पटलातून नुसतं पाझरत जातं असं पुष्कळ काळ मानलं जाई, पण तांबड्या पेशींतून ते इतक्या वेगानं जातं की नुसत्या पाझरण्यानं हिशोब लागत नव्हता. अमेरिकेत पीटर आगरे ऱ्हीसस रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होते. तांबड्या पेशींच्या पटलातून ते प्रथिन वेगळं काढताना त्याच्यासोबत दुसरंच एक प्रथिन सारखं येत राहिलं, नको असताना. ते फेकून न देता त्यांनी त्याचा माग काढला. १९९२ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत ते प्रथिन तयार करवून त्या साध्या पाण्यात टाकल्या, तर त्या फुगून फुटल्या. हे प्रथिन नसलेल्या शेजारच्या अंडपेशी होत्या तशाच राहिल्या. पाण्याचं दार सापडलं होतं. त्याला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात, आणि २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल आगरे यांना त्यासाठी मिळालं. नको असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती लिहून ठेवायची, हे वाचताना मला वहीचं मागचं पान आठवतं.

डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची पदविका, करून मी पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले आणि तीस वर्षांहून जास्त काळ रक्ताच्या सहवासात काढला. रक्त हे लाल पाणी आहे असं बाहेरून वाटतं. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, नळी बाहेर काढली की कळतं ते किती थरांचं आहे. वर निम्म्याहून थोडा अधिक, गव्हाच्या काडाच्या रंगाचा प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, बाकी प्रथिनं, क्षार, साखर आणि इतर पुष्कळ काही. खाली ४० ते ४५ टक्के तांबड्या पेशींचा गच्च गाळ. आणि मध्ये सायीच्या धाग्याइतका पांढुरका पट्टा, ज्यात पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट्स). आपलं संरक्षण करणाऱ्या आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या सगळ्या पेशी त्या पट्ट्यात मावतात. नवीन मुली कामाला आल्या की मी त्यांना पहिल्यांदा तो पट्टा दाखवायची. कुणी प्लाझ्मा दुधाळ आलेला पाहून घाबरलं, तर सांगायची: ह्यांनी उपास न सोडता यायला हवं होतं, रात्रीचं तूप अजून वाटेत आहे.

एक हिशोब मी प्रत्येकीला करायला लावायची. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण ५ लिटर. १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम साखर धरली तर सगळ्या रक्तात मिळून किती? साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा. अख्ख्या अंगात फिरणाऱ्या रक्तात एवढीच साखर, आणि ती ह्या घडीला आहे तेवढी ठेवण्यासाठी यकृत, स्वादुपिंड, स्नायू रात्रंदिवस जागे. आपण लाडूच्या एका घासात त्याहून जास्त आत ढकलतो.

तांबडी पेशी ही माझी लाडकी. आठ मायक्रॉनहून थोडी लहान, दोन्ही बाजूंनी दाबलेली, केंद्रक नाही, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया नाहीत. प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून तिनं घरातलं सगळं सामान बाहेर काढलेलं. प्राणवायूच्या इतक्या जवळ असून तिला तो स्वतःसाठी वापरता येत नाही. ती जगते फक्त ग्लुकोज फोडून. तिचं दार, ग्लूट-१, इन्शुलिनची वाट पाहत नाही, ते कायम उघडं. म्हणून नळीत काढलेलं रक्तही जेवत असतं. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के कमी होत जाते. त्यासाठी राखाडी झाकणाची नळी वेगळी. तिच्यातलं सोडियम फ्लोराइड साखर फोडणाऱ्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. तेही लगेच नाही, पहिला तासभर घसरण थोडी चालूच राहते.

हे मी पुस्तकातून शिकले तसं चुकीतूनही शिकले. नोकरीचं पहिलंच वर्ष, मे महिना. एका आजोबांचं रक्त माझ्या हातून साध्या नळीत भरलं गेलं आणि पाच तास टेबलावर राहिलं. साखर निघाली ६२. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी अर्धी करायचं ठरवलं होतं. नशिबानं त्यांना शंका आली आणि त्यांनी पुन्हा रक्त पाठवलं. या वेळी ९४. मधली साखर कुठं गेली होती? आजोबांच्याच पेशींनी नळीत बसून खाल्ली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. एक आकडा, आणि एका घरातला भात त्यावर ठरणार होता.

पोटॅशियमचंही असंच. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि हा फरक टिकवायला पटलात एक पंप अखंड चालतो: प्रत्येक फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली तो खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत शोधून काढला. आमच्याकडे कुर्ल्यांचे नांगे फोडताना मला हे नेहमी आठवतं. पेशी वेगळ्या न काढता रक्त रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर थंडीनं पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि सकाळी आकडा भीतिदायक येतो. माणूस ठणठणीत असतो. दमलेला असतो तो नळीतला पंप.

साखर म्हणजे इंधन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रक्तपेढीत बदली झाली तेव्हा कळलं, की आपला रक्तगटसुद्धा साखरेनंच लिहिलेला आहे. तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या लहान फांद्या असतात. त्यांच्या टोकाशी फ्युकोज नावाची साखर असली की तिला एच म्हणतात, हा पाया. त्याच्यावर आणखी एक साखर बसली की ए, दुसरीच बसली की बी, दोन्ही प्रकारच्या असल्या तर एबी. काहीच बसलं नाही, नुसता पाया राहिला, तर ओ. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं आढळली ज्यांच्याकडे हा पायासुद्धा नव्हता. चाचणीत ती ओ वाटत, पण ओ गटाचं रक्त त्यांच्या रक्ताला चालत नव्हतं, कारण ओ पेशींवर एच भरपूर आणि ह्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी). जगभर त्याला आज ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात साधारण १०,००० माणसांत एक. त्यांना दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचंच रक्त लागतं. रात्री दोन वाजता असा दाता शोधायला फोन फिरवणं काय असतं, ते मी केलंय. एका साखरेचा फरक.

तिथंच एके दिवशी मी एका लहान बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. ए गटाचे दोन पोटप्रकार, ए-१ आणि ए-२, वेगळे ओळखायला जे द्रावण वापरतो, ते एका बियांपासून काढतात: डॉलिकॉस बायफ्लोरस. म्हणजे आपले कुळीथ. ज्याचं पिठलं खाऊन आम्ही वाढलो, ज्याची पिठी आई अजून डब्यात भरून देते, त्या दाण्यात एक प्रथिन आहे जे ए-१ पेशीवरची साखर नेमकी ओळखतं आणि पेशींच्या गुठळ्या करतं. काचपट्टीवर थेंब फिरवला की लाल रवा दिसायला लागतो. मी त्या दिवशी आईला फोन करून हे सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “कुळथाला कळतं?” हो आई, कळतं.

अण्णांकडे परत येते. त्यांच्या वहीत नि पुष्कळ आहेत. पानंच्या पानं नि. आम्ही त्यावर निर्धास्त होतो. पुढं मला कळलं त्यातलं सगळ्यांत बोचणारं हे, की लघवीतला निळा रंग रक्ताबद्दल फार थोडं सांगतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यासोबत साधारण तितकेच ग्रॅम ग्लुकोज नलिकांत उतरतं. ते जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं एकच दार करतं. रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की मगच दारांना झेपेनासं होतं आणि साखर लघवीत दिसू लागते. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की कित्येकांत ही पातळी आणखी वर सरकते. म्हणजे अण्णांची साखर १७० असतानाही ट्यूब निळीच राहिली असणार, वर्षानुवर्षं. डोळ्यांच्या आणि पायांच्या बारीक वाहिन्या त्या १७० मध्ये भिजत होत्या आणि आम्ही भाताच्या दोन मुदी वाढत होतो. १९९१ मध्ये ते गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना वहीतले रकाने दिसत नव्हते. रंग दादा सांगायचा, अक्षर आई लिहायची.

हिमोग्लोबिन ए-वन-सी ही तपासणी आमच्यापर्यंत उशिरा पोचली. साखर रक्तात जास्त असली की ती हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते, कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून तिच्या अंगावर मागच्या दोन-तीन महिन्यांची नोंद राहते. सॅम्युएल रहबर यांना १९६८ साली तेहरानमध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं होतं. म्हणजे अण्णांचा आजार निघाला त्याच्या आधीच. अण्णांची खरी वही त्यांच्या पेशींच्या अंगावर रोज लिहिली जात होती. ती वाचायला आमच्याकडे कुणी नव्हतं. (हा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. लोह कमी असलेल्या बाईत तो उगाच वर जातो, आणि आपल्याकडे अशा बाया किती आहेत हे मी रोज पाहिलंय.)

एसजीएलटीचा एक थोरला भाऊ आतड्यात असतो, एसजीएलटी-१. त्याच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. तो ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन कणांसोबतच आत घेतो. एकटं कुणालाच नाही. १९६० साली प्रागमधल्या एका सभेत रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना मांडली. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर ओतत असतं, तरी हे दार शाबूत राहतं. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात पाजलं तर दोन्ही आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवलं आणि नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आईच्या हातचं मीठ-साखरेचं पाणी, लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्याच दारातून जातं. मी दहाव्या वर्षी ज्या साखरेची गाठ दिव्यावर सुटताना पाहू शकले नाही, ती आतड्याच्या अस्तरावरचं एक विकर मुकाट्यानं सोडवतं आणि ग्लुकोज दारापाशी नेऊन ठेवतं.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो. दादाला मधुमेह निघून आता चौदा वर्षं झाली. त्याच्या डॉक्टरांनी त्याला नवी गोळी दिलीय, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असणाऱ्यांपैकी. ह्या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. रसायनशास्त्रज्ञांनी १८३५ साली त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला. तो दिल्यावर लघवीत साखर उतरते, हे पुढं त्याच शतकात दिसून आलं. तेव्हा तो कृत्रिम मधुमेह घडवण्याचा एक उपाय म्हणून पाहिला गेला. त्याच पदार्थाच्या घडणीवरून ह्या गोळ्या तयार झाल्या. त्या मूत्रपिंडातलं एसजीएलटी-२ दार लावून घेतात. परत आत यायचा रस्ता नाही म्हणून साखर बाहेर जाते, दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास. पाणी भरपूर प्यावं लागतं आणि स्वच्छता पाळावी लागते, कारण ती साखर बुरशीलाही आवडते. पण रक्तातली साखर उतरते, हृदयाला आणि मूत्रपिंडांना आधार मिळतो.

पाडव्याच्या सकाळी मी पुण्याहून आणलेली बेनेडिक्टची बाटली काढली. मागची पडवी आता सिमेंटची आहे, फळी मात्र तीच. चिमटा गंजत नाही, लाकडाचा होता. दादानं आधी बोटाला टोचून यंत्रात पाहिलं: ११८. मग मी ५ मिलिलिटर मोजले, ८ थेंब टाकले, दिवा लावला. ट्यूबचं तोंड दादापासून लांब वळवलं. अर्धं मिनिटही झालं नसेल. हिरवा, पिवळा, नारिंगी हे रंग आले कधी आणि गेले कधी कळलंच नाही. ट्यूबभर विटकरी. दादाचा चेहरा उतरला. सत्तरीकडे झुकलेला माणूस क्षणात बारा वर्षांचा झाला आणि त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं, जणू आतून आई विचारेल.

आई खरंच दारात उभी होती. नव्वदीला टेकलीय, डोळे अजून चांगले आहेत. “काय आलं?” तिनं विचारलं.

मी दोघांना बसवून सगळं सांगितलं. ११८ चा आकडा पुन्हा दाखवला. दार, गोळी, सफरचंदाची साल. आई ऐकत होती. मग आत जाऊन तिनं कपाटातून ती दोनशे पानी वही आणली. शेवटची नोंद तिच्याच हातची होती, १९९१ ची, नि. तिनं वही माझ्यापुढं ठेवली आणि पेन्सिल दिली. मी तारीख घातली, दादाचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, वि.

“आज भात किती घालू?” आईनं विचारलं.